समस्तभुवनाश्रय मालक

सर्व स्त्री-पुरुषांनी, आणि त्यातही दुचाकी बाळगणाऱ्यांनी, हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. एक अत्यंत गंभीर गोष्ट जाहीर करत आहे. जिन्याखाली स्कूटर लावणारा मनुष्य मेल्यानंतर साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होऊन राहतो.

हे माझे मत नाही. सोलापुरात ज्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होतो, त्या घराच्या जिन्याखाली तसे लिहिले होते. पाटीवर रंगाने नव्हे, काळ्या कडप्प्यावर छिन्नीने खोदून. सगळ्यात वर चंद्र आणि सूर्य. त्यांच्याखाली गाय, आणि तिला लुचणारे वासरू. मग ओळीच ओळी. त्यातल्या बहुतेक ओळींत घरमालकांची बिरुदे होती, शेवटून दुसऱ्या ओळीत स्कूटर होती आणि शेवटच्या ओळीत किडा.

खोली बघायला गेलो त्या दिवशी मी माझी स्कूटर नेमकी त्या दगडाला टेकवून लावली होती. आतून एक उंच, काटकुळे गृहस्थ बाहेर आले. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी बुटाला पॉलिश करायचा ब्रश. पायात मात्र चपला. जन्मभर चपलाच घालणाऱ्या माणसाला बुटाचा ब्रश कशाला, हे मला पुढे कळले. त्यांनी स्कूटरकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि अपार करुणेने विचारले,

"वाचता येतं का?"

"येतं की."

"मग वाचून लावलीत की न वाचता?"

"न वाचता."

"मग निम्मी शिक्षा. तीस हजार वर्षं. या, चहा घ्या."

असे आमचे मालक. सोलापुरात कोणालाही मालक म्हणतात, पानाच्या टपरीवर उभा राहिलात तर तुम्हीही मालकच. पण हे खरोखरचे घरमालक होते, आणि स्वतःला त्याहून बरेच काही समजत होते. नोकरी मोजणी खात्यात केलेली. साखळ्या, टेप, बांधाचे दगड, आणि बांधावरून एकमेकांच्या उरावर बसलेले भाऊ, यांत सगळी हयात गेली. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, आमचे मालक चालुक्यांच्या दरबारात रुजू झाले.

चालुक्य म्हणजे कल्याणचे. कल्याण म्हटल्यावर माझा चेहरा पाहून त्यांनी लगेच दुरुस्ती केली होती, "ते रेल्वेचं नव्हे. आपलं, उमरग्याच्या पलीकडचं, बसवकल्याण. हजारएक वर्षांपूर्वी तुम्ही आत्ता ज्या खुर्चीवर बसलाय ती खुर्ची त्यांच्या राज्यात होती." मी खुर्चीवरून जरा उठलो. "बसा, बसा. राजवट गेली आता."

मालकांच्या घरात एकही जुना दगड नव्हता, हे आधीच सांगतो. "दगड गावचा, ठसा आपला," हा त्यांचा नियम. गावोगाव हिंडायचे, शिलालेख दिसला की तो धुवायचा, त्यावर ओला कागद अंथरायचा, त्या ब्रशने ठोकून ठोकून कागद अक्षरांच्या खाचांत बसवायचा, मग वरून शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. कागद काळा होतो, अक्षरे पांढरी उठतात. हे ओले ठसे मालक घरामागच्या दोरीवर वाळत टाकायचे. त्याच दोरीवर काकूंच्या साड्या असत. काकू म्हणजे मालकांच्या सौभाग्यवती. गल्लीतल्या नव्या माणसाला वाटे, या घरात कोणीतरी फार मोठ्या आकाराचे एक्स-रे काढून घेते.

माझा धंदा रंगांचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांना मी रंग पुरवायचो. मालकांना हे कळल्यावर त्यांचे डोळे चमकले होते. "काळा आहे का?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "काळा आहे, पण तो जात नाही कधी. चादर फाटेल, काळा राहील." मालक विचारात पडले, मग म्हणाले, "नको. दगडाला लागला तर पुढच्या हजार वर्षांनी येणारा माझ्या नावाने बोंब मारेल." पुढच्या हजार वर्षांनी येणाऱ्या माणसाची इतकी काळजी करणारा मनुष्य मी दुसरा पाहिला नाही. पुढच्या महिन्यात येणाऱ्या जावयाची ते एवढी करत नसत.

शिलालेखांनी मालकांना काही वाईट सवयी लावल्या होत्या. पहिली म्हणजे बिरुदे. चालुक्य राजाचा लेख "स्वस्ति" म्हणून सुरू होतो आणि राजाचे नाव यायच्या आधी समस्तभुवनाश्रय, श्रीपृथ्वीवल्लभ, महाराजाधिराज, परमेश्वर, परमभट्टारक अशी बिरुदांची मिरवणूक जाते. मालकांना ही मिरवणूक फार आवडे. गॅसच्या एजन्सीला फोन केला की ते खणखणीत आवाजात सुरू करत, "स्वस्ति! समस्तभुवनाश्रय, श्रीपृथ्वीवल्लभ..." पलीकडची मुलगी शांतपणे म्हणे, "सर, ग्राहक क्रमांक सांगा."

माझा आणि मागच्या खोल्यांतल्या भाडेकरूंचा त्यांनी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला होता. सोलापुरात नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येते, आणि ते आले की धावावे लागते, हे सगळे जाणतात. पाणी आल्याची वर्दी द्यायचे काम मालकांकडे होते. मोबाईल वाजे. वर नुसते दिसे, "स्वस्ति. समस्तभुवनाश्रय श्रीपृथ्वी..." मेसेज उघडावा, तर बिरुदांमागून बिरुदे, मग चालू राजवटीचे वर्ष, मग तिथी, मग वार, आणि अगदी तळाशी, "पाणी आले आहे." तिथवर पोचेपर्यंत ते बहुधा गेलेले असे. शेवटी आम्ही सगळ्या भाडेकरूंनी एक पद्धत बसवली. मालकांचा मेसेज खालून वाचायचा. हे पुढच्या गोष्टीत कामाला येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

दुसरी सवय शापांची. लेखाच्या शेवटी शाप असतो. दिलेले दान जो रक्षील त्याला पुण्य, जो मोडील तो साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा. मालकांच्या मते कायदा लिहावा तर असा. "कलम नाही, पोटकलम नाही, तारीख पे तारीख नाही. सरळ किडा!" त्यांच्या घरात गच्चीच्या कुलपाला शाप होता, पेरूच्या झाडाला शाप होता, पाण्याच्या मोटारीच्या बटणालाही होता. फक्त लाडवाच्या डब्यावरचा शाप मालकांचा नव्हता. तो काकूंनी स्वतः खडूने लिहिला होता, आणि त्यात मालकांचा नावानिशी उल्लेख होता.

एरवी मात्र माणूस बोलायला लागला की ऐकत राहावा. "पुस्तकातला राजा बघा, सारखा घोड्यावर," ते म्हणायचे. "दगडावरचा राजा काय करतोय? अमक्या देवळातल्या दिव्याला तेल कोणी घालायचं, ते ठरवतोय. शेताची शीव कुठल्या ओढ्यापासून कुठल्या चिंचेपर्यंत, ते सांगतोय. जमीन मोजायची काठी गावोगाव वेगळी, तर कुठल्या गावच्या काठीनं मोजली, तेसुद्धा! शिलालेख म्हणजे दगडावरचा सातबारा आहे हो." एवढे बोलून ते डोळे मिटत. निवृत्त मोजणीदाराच्या चेहऱ्यावर इतके सुख मी कधी पाहिले नव्हते.

एकदा मात्र या ज्ञानाने त्यांचा घात केला. रविवारचे जेवण चालले होते, मीही पंगतीला होतो. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. मालक बोलण्याच्या भरात म्हणाले, "चालुक्यांच्या राण्या नुसत्या राजवाड्यात बसायच्या नाहीत. त्यांच्याकडे कारभाराला मुलूख असायचे. दान द्यायच्या, निवाडे करायच्या."

काकूंचा वाढायचा हात थांबला. "हे कुठं लिहिलंय?"

"दगडावर."

"नक्की?"

"दगडावर खोटं लिहीत नाहीत."

"मग माझा मुलूख कुठला?"

मालकांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकून वेळ काढायचा प्रयत्न केला, पण कडक भाकरीसुद्धा किती वेळ चावणार? त्या दुपारी वरचा मजला काकूंच्या कारभाराखाली गेला. मी त्यातली एकमेव प्रजा. राणीचा पहिला हुकूम असा निघाला की, प्रजेने स्कूटर जिन्याखाली लावावी, उन्हात सीट तापते. मालक उसळले. जिन्याखालची जागा तळमजल्यात येते! काकू म्हणाल्या, जिना वरच्या मजल्याचा आहे, तुम्ही काय उडी मारून वर जाता? शेवटी मालकांनी खात्यातला टेप काढला, गुडघ्यावर बसून मोजणी केली, आणि अतिशय जड अंतःकरणाने निकाल दिला. शीव स्कूटरच्या मधोमध जात होती. पुढचे चाक किडा होणार होते, मागचे नाही.

आता कल्लप्पाकडे येतो.

अक्कलकोट रोडने कुंभारीच्या पुढे एक लहान गाव आहे. तिथल्या कडुलिंबाखाली पुरुषभर उंचीचा एक दगड उभा आहे, तोच कल्लप्पा. कानडीत कल्लु म्हणजे दगड, अप्पा म्हणजे बाप. नोकरीत असताना मालक त्या गावात एक शेत मोजायला गेले होते. दगडावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर आणि तेल, चांगला वीतभर जाड थर. त्याच्या एका फुटलेल्या कडेतून मालकांना एक अक्षर दिसले. जुने कानडी अक्षर, चालुक्यांच्या वळणाचे. मोजणी टाकून ते त्या एका अक्षरासमोर वाकून बसले ते उठेचनात. पण शेंदूर काढायला गाव तयार नव्हते. देवाचे अंग कसे खरवडायचे? मालक परत आले. तेव्हापासून ते अक्षर त्यांच्या मनात घर करून बसले होते. "एक अक्षर मला दिसलंय," ते म्हणत, "आणि त्याच्या मागे राजा उभा आहे."

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एक दिवस गंगव्वा नावाची म्हातारी आमच्या अंगणात येऊन बसली. इरकल लुगडे, कपाळाला विभूती, हातात पिशवी. कल्लप्पाला दर सोमवारी तेल घालणारी ती हीच. तिच्या सासरी पूर्वी तेलाचा घाणा होता.

"साहेब," ती म्हणाली, "कल्लप्पाला शिमिटात घालायला लागल्यात की वो."

गावच्या तरुण सरपंचांनी चौथरा बांधायला काढला होता. दगड आडवा करून चौथऱ्याच्या पोटात घालायचा, वर फरशी, फरशीवर नवी संगमरवरी मूर्ती.

"पण माझ्याकडे का आलात?" मालकांनी विचारले.

"तुमच्यावानी भक्त दुसरा कोण हाय? मोजणी सोडून कल्लप्पाम्होरं इतका येळ वाकला हुता तुमी. आमच्या गावचं भक्त तर घंटा वाजवली की पळत्यात."

मालकांनी तोंड उघडले, काकूंनी डोळे वटारले, मालकांनी तोंड मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. माझ्या स्कूटरवर मागे मालक, आणि काकू व गंगव्वा रिक्षाने. काकूंना कोणी बोलावले नव्हते, पण मी त्यांची प्रजा असल्याने माझ्या हालचालींवर त्यांचा अधिकार होता.

सरपंच झाडाखालीच भेटले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन मोबाईल, आणि मनाने अगदी चांगला माणूस. "साहेब, माझ्या बाथरूमला फरशी हाय," ते कळवळून म्हणाले, "अन् देव मातीत. बरं दिसतं का?" पलीकडे काँक्रीटचा मिक्सर येऊन उभा होता. खड्डा खणून तयार होता.

"हा दगड राजाचा आहे," मालक म्हणाले. "चालुक्य सम्राटाचा. यावर त्याचं नाव आहे."

"कुटं हाय?"

"शेंदराच्या आत."

सरपंचांनी थोडा विचार केला. "हे बघा. राजाचं नाव निघालं तर दगड हाय तितंच ऱ्हाईल, मी सोता बोर्ड लावतो. न्हाय निघालं तर आज दुपारी देव खाली, फरशी वर. कबूल?"

"कबूल!" मालक गरजले, आणि उत्साहाच्या भरात एकदोन बिरुदे पण जोडली. काकू माझ्या कानात पुटपुटल्या, "झालं. नाव नाही निघालं तर हे आता घरात दोन वर्षं बोलणार नाहीत. आणि निघालं तर गप्प बसणार नाहीत."

पण शेंदूर काढायला देवाची परवानगी हवी. ती कौल लावून घेतात. दोन फुले ओली करून दगडाला चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवे आधी पडले तर देवाचा होकार, डावे पडले तर नकार. गंगव्वाने फुले चिकटवली. सगळे हात जोडून बसले.

फुले पडेनात. पडतील कशी? दगडावर तेलाचा असा चिकटा होता की तिथे माणूस लावला असता तर तोही राहिला असता. अर्धा तास झाला. ऊन चढले. मिक्सरवाला दोनदा विडी ओढून आला. मालक देवाशी वाद घालू लागले, "अहो, हो म्हणा किंवा नाही म्हणा! मोजणी खात्यातसुद्धा इतका वेळ लागत नाही!" हे धादांत खोटे होते.

तेवढ्यात एका धनगराची शेळी डुलत डुलत आली, तिने मान वर केली, आणि उजवे फूल खाल्ले.

अख्खे गाव एकदम बोलू लागले. फूल पडले का? नाही. राहिले का? तेही नाही. सरपंच म्हणाले, "ह्यो कौल धरता येत न्हाय. शेळी आमच्या चुलत्याची हाय." मालक म्हणाले, "शेळी निष्पक्ष आहे!" धनगर, म्हणजे तो चुलताच, म्हणाला, "माज्या शेळीला मधी वडू नका." शेवटी सगळ्यांनी गंगव्वाकडे पाहिले. ती शेळीकडे बघत होती.

"डावं जवळ हुतं," ती म्हणाली. "ती वळसा घालून उजव्याकडं गेली. हो म्हणतोय त्यो."

सरपंचांनी गरम पाणी आणायला माणूस पाठवला.

गरम पाणी आले. बायका-पुरुष लागले. थर सुटून त्याचे लालभडक पापुद्रे पडू लागले, ते गावाने कोऱ्या चादरीत गोळा केले, विहिरीकाठच्या पिंपळाखाली ठेवायला. मालक दगडापासून हातभर अंतरावर उभे होते, ब्रश छातीशी धरून. बोहल्यावरच्या अंतरपाटामागे नवरा उभा असतो तसे. वर चंद्र दिसला, सूर्य दिसला, मग गाय-वासरू दिसले. मालकांचा श्वास ऐकू येत होता. आता बिरुदे. आता राजा.

दगड आरशासारखा गुळगुळीत होता.

वरच्या अर्ध्या भागावर अक्षर म्हणून शिल्लक नव्हते, नुसत्या आडव्या-तिडव्या घासल्याच्या खुणा. एका म्हाताऱ्याने बोट फिरवून सांगितले, "विळ्याला धार लावल्याली हाय ही." कल्लप्पा देव व्हायच्या आधी कित्येक पिढ्या तो शेतातला एक बरा दगड होता. येता-जाता लोकांनी त्यावर विळे घासले होते. समस्तभुवनाश्रय, श्रीपृथ्वीवल्लभ, महाराजाधिराज, सगळे ज्वारीच्या कापणीला खर्ची पडले होते. मात्र खाली वाकून घासायचा सगळ्यांनी कंटाळा केला होता, त्यामुळे कमरेखालच्या ओळी शाबूत होत्या.

मालकांनी कागद लावला, ठोकला, शाई फिरवली. सवयीने हात चालत होते, चेहऱ्यावर काही नव्हते. ठसा वाळत टाकायला दोरी बांधली, एक टोक कडुलिंबाला, दुसरे मिक्सरला. मिक्सरवाला ओरडला, "मी हलू का नको?" गाव ठशासमोर जमले. वर मोठा काळा चौकोन, खाली पांढऱ्या अक्षरांच्या ओळी.

सरपंच जवळ आले. आवाज मुद्दाम हळू ठेवून म्हणाले, "साहेब, नाव?"

मालकांनी ब्रश खिशात ठेवला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांनी एकही बिरुद न लावता वाक्य म्हटले.

"नाव गेलं."

सरपंचांनी मान डोलावली. त्यांनाही वाईट वाटले होते. त्यांनी मिक्सरकडे हात केला. गंगव्वाने पदर तोंडाला लावला.

आणि काकू पुढे झाल्या. "अहो, तुम्ही वरच काय बघत बसलाय? वर नेहमी नुसती बिरुदंच असतात. पाणी खाली असतं. खालून वाचा!"

मालकांनी काकूंकडे पाहिले. मग खाली वाकले. बोट अक्षरांवरून सरकू लागले, ओठ हलू लागले. आधी कानडीत अडखळत, मग मराठीत, मग एकदम वेगाने.

"देवाच्या नंदादीपासाठी... घाण्यामागे... एक पळी तेल. गावातल्या सगळ्या घाणेवाल्यांनी मिळून, राज्याच्या अधिकाऱ्यासमोर, हे दान दिलं. चंद्र-सूर्य असेतोवर चालवायचं." ते थांबले. वळले. "गंगव्वा, तुम्ही तेल का घालता?"

"सासूनं सांगितलं म्हणून."

"सासू का घालायच्या?"

"तिच्या सासूनं सांगितलं म्हणून. घाणा मोडला, बैल गेला, पळी ऱ्हायली. आता पिशवीतलं आणून घालते." तिने पिशवीतून पळी काढून दाखवली. लांब दांड्याची, घासून घासून पातळ झालेली. "का? चुकलं का काय?"

मालक पळीकडे वाकून पाहू लागले, जणू तिच्यावरही लेख असावा. सरपंचांनाच राहवले नाही. "खाली आनि काय हाय? त्या शेवटच्या वळीत?"

मालकांचा चेहरा हळूहळू उजळला. ही ओळ त्यांना वाचायचीही गरज नव्हती. ती त्यांच्या जिन्याखाली होती.

"हे दान जो रक्षील त्याला पुण्य. जो मोडील तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा."

"साठ हजार?"

"साठ हजार."

"मधी सुट्टी?"

"नाही."

सरपंचांनी रुमालाने मान पुसली. "पर मी मोडत कुटं हाय? दगड नुस्ता फरशीखाली घ्यायचा हाय."

"मग तेल कशावर पडणार?"

"फरशीवर."

"दगडावर नाही?"

"न्हाय."

"मग दान मोडलं," मालक म्हणाले, जिन्याखालच्या स्कूटरचा निकाल दिला होता त्याच आवाजात. "पण तुम्ही न वाचता ठरवलं होतं. म्हणून आत्ता थांबलात तर काहीच नाही. आता मात्र वाचलंय."

सगळे गाव सरपंचांकडे असे पाहू लागले, जणू ते उभ्या जागी वळवळायला लागले होते. सरपंचांनी खड्ड्याकडे पाहिले, मिक्सरकडे पाहिले, मग आवाज चढवला.

"ए, माघारी घे रं गाडी!"

"दोरी बांदलीया की मालक!"

"मग सोड दोरी! अन् ती फरशी बाजूनं बसवायची, ऐकलं का? देवाला हात लावायचा न्हाय. बाजूनं!"

मिक्सर खडखडत मागे गेला. मालक आणि मी ठसा दोन्ही बाजूंनी धरून उभे होतो, वाऱ्याने तो फडफडत होता. मालकांचे डोळे ओले होते, पण ते शाईवर ढकलत होते.

"राजा गेला," ते मला म्हणाले. "राजाचं नाव गेलं. ज्या देवळासाठी लिहिलं ते देऊळ गेलं, दिवा गेला. वाचणारं कोणी राहिलं नाही. आणि तेल थांबलं नाही हो. राज्यानं लावून दिलेलं काम, आणि ही बाई अजून ते करते आहे."

कोणीतरी टोपी काढली. सरपंचांनी दोन्ही मोबाईल खिशात टाकून हात जोडले, ते कल्लप्पाला की गंगव्वाला, कळायला मार्ग नव्हता. गंगव्वा हातातल्या पळीकडे बघत होती. कपाळाला आठ्या पडल्या होत्या, ओठ हलत होते, तिचा काहीतरी हिशेब चालला होता. मग तिने एकदम मान वर केली, आणि त्या एवढ्या पवित्र शांततेत, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, मालकांना विचारले,

"आगं बया! म्हंजी इतकी वर्सं मी सरकारी नोकरीत हुते व्हय? मग माजी पेन्शन कुटं अडकलीया वो?"